कोपरा फाडलेलं कार्ड

निघोज्यात तेव्हा एकच रेडिओ होता आणि तो सुभेदारांचा होता. सुभेदार आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. लष्करातून पेन्शन घेऊन आले तेव्हा मिशा आणि रेडिओ दोन्ही सोबत घेऊन आले, आणि दोन्हींना कुणाला हात लावू देत नसत. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की ती बैलगाडीत घालून चाकणला चार्ज करायला पाठवायची. ती परत येईपर्यंत सगळं गाव चुळबुळत राही.

आपल्या सरकारी रेडिओनं तेव्हा सिनेमाची गाणी बंद केली होती. पोरं बिघडतात म्हणे. मग सगळ्यांनी जे केलं तेच सुभेदारांनीही केलं. सुई फिरवली आणि लंकेचं स्टेशन लावलं. लंका म्हणजे रामायणातली लंका, अशीच निम्म्या गावाची समजूत. सुभेदार लढाईच्या काळात त्या बेटावर होते. इंग्रजांनी पलटणींसाठी तिथे उभारलेलं यंत्र आपण डोळ्यांनी पाहिलंय, हे ते दर रविवारी एकदा सांगत. शाळेच्या खादीधारी गुरुजींना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ओट्यावर येऊन ते म्हणत, "काल इंग्रजाला घालवला आणि आज परक्या मुलखाच्या तोंडून गाणी ऐकताय. उद्या ते काय वाटेल ते ऐकवतील, तुम्ही कुणाकडे दाद मागणार?" सुभेदार मिशीवरून हात फिरवून म्हणत, "गुर्जी, मालक परका असंल, गानं तर आपलंच हाय न्हवं?" यावर ओटा हसे आणि गुरुजी घरी जात. गुरुजी बरोबर होते हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही वेगळ्याच कारणानं.

बायकांनी ओट्यावर बसायची पद्धत नव्हती. आम्ही भिंतीच्या अलीकडे, आमच्या परड्यात बसून ऐकायचो. हातात काम असायचंच. शेंगा, नाहीतर भांडी, नाहीतर गोधडी. मी थोरली सून, चिंचवडची. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मी फायनल, म्हणजे सातवी, पास होते. खेड्यात फायनल पास सून म्हणजे तीन शिंगांची म्हैस. बघायला सगळे येतात, दूध किती देते ते कुणी विचारत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला कधी टाकून बोलल्या नाहीत, पण सरकारी कागद आला की मला हाक मारायच्या आणि वाचून झाला की ताबडतोब चुलीकडे पाठवायच्या.

धाकटी जाऊ माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. विशीचीसुद्धा नव्हती. अबोल, पण गाणं लागलं की तिचा हात थांबायचा. मग आत्याबाई म्हणायच्या, "शेंगा हातानं सोलत्यात, कानानं न्हाई." तिचा नवरा, माझे धाकटे दीर, पिंपरीला कामाला होते. तिथे नवा कारखाना बांधत होते. ते इतर मजुरांबरोबर तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि शनिवारी सायकलवरून घरी यायचे. गाव आणि रस्ता यांच्यामध्ये इंद्रायणी. सायकल नावेत घालून अलीकडे यायचं, सोमवारी पहाटे पुन्हा पलीकडे.

भावजी बोलके होते. पिंपरीत राहून त्यांना शहराचं वारं लागलं होतं, असं आत्याबाईंचं मत. वैशाखातल्या एका रविवारी दुपारी घरातले सगळे आडवे झाले असताना ते माझ्यापाशी आले. खिशातून दोन कार्डं काढली. परदेशी जाणारी, जादा तिकिटं लावलेली.

"वैनी, एक काम करायचं. पर शपथ घ्या, कुनाला सांगायचं न्हाई. दादालाबी न्हाई."

"आधी काम काय ते सांगा."

"लंकेला कार्ड धाडायचं. फर्माइशीचं. माझं नाव, आन्‌ हिचं नाव. जोडीनं."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. आमच्याकडे नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. घ्यायचंच तर उखाण्यात, लग्नात नाहीतर डोहाळजेवणात, तेही चार बायकांनी अडवून धरल्यावर. आणि नवराही बायकोला नावानं हाक मारत नाही. 'अगं' म्हणतो, 'ऐकलं का' म्हणतो. दोन वर्षं झाली तरी आमच्या भावजींनी तिचं नाव चारचौघांत एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारलं असतं तर आत्याबाईंनी दिवसभर टोमणे मारले असते.

"आपल्या गावात आमची दोघांची नावं जोडीनं कोन घेनार?" ते म्हणाले. "त्यो लंकेचा मानूस घेतो. त्याला ना आईची भीती, ना भावकीची. हितं परड्यात बसलेली असंल ती, आन्‌ एकदम कानावर पडंल. तिचं तोंड बघायचंय मला."

मी लिहिलं. रेडिओवर ऐकून ऐकून हिंदी येत होतं तेवढ्या हिंदीत लिहिलं. गाणं त्यांनी सांगितलं ते. गाव घालायच्या वेळी ते म्हणाले, "निघोजे नका. पिंपरी घाला. निघोजं त्यांना काय सापडायचं." म्हणून पिंपरी घातलं. दुसरं कार्ड चुकलं तर असावं म्हणून आणलं होतं. मी चुकले नाही, त्यामुळे ते कोरंच राहिलं. माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवलं.

ज्येष्ठ गेला. दर रविवारी भावजी ओट्यावर कान टवकारून बसत. नावं यायची नागपूरची, झाशीची, कुठल्या कुठल्या गावांची. आमची येत नव्हती. "ढिगाऱ्यात खाली असंल," ते मला हळूच म्हणत. "यील वर."

आषाढातल्या एका शनिवारी इंद्रायणीला पाणी चढलं. नावाड्यानं दुपारीच नाव ओढून बांधली होती. भावजी आले नाहीत. आम्हाला वाटलं, शहाणे आहेत, पिंपरीतच राहिले. रविवारी सकाळी पाणी थोडं उतरल्यावर नावाडी पलीकडे गेला. तिथे बाभळीला टेकवलेली सायकल होती. कॅरियरवर सदरा घडी करून बांधलेला, वहाणा त्यात खुपसलेल्या. भावजी पोहण्यात पटाईत होते. लहानपणापासून ती नदी त्यांच्या अंगाखालची. म्हणूनच उतरले असणार.

आठ दिवस माणसं काठानं फिरली. आळंदीपर्यंत गेली, पुढे तुळापूरपर्यंत गेली. काही मिळालं नाही. आमचे हे परत आले तेव्हा त्यांच्या पायांची सालटी निघाली होती. आत्याबाईंनी त्यांना एकच विचारलं, "घावला न्हाई न्हवं?" हे मान हलवून आत गेले. "मग आसंल कुठंतरी," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

घरात रडणं नव्हतं. रडलं तर मेला म्हटल्यासारखं झालं असतं. जाऊ कुंकू लावत होती, बांगड्या घालत होती, शनिवारी भाकरी एक जास्त थापत होती. मला तिच्याकडे बघवत नसे. चाकणच्या भटजींनी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं, "देह नसला तर दोनच मार्ग. खात्री नसेल तर बारा वर्षं वाट बघायची. खात्री असेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा." जावेचे वडील येऊन गेले. शांत माणूस. मामंजींना म्हणाले, "पाव्हनं, काय त्ये ठरवा. पोरगी माझी विशीत हाय. मोकळी झाली तर मी घिऊन जाईन, पाट लावीन. न्हाई झाली तर बारा वर्सं हितंच ऱ्हाईल. पर आसं अधांतरी ठिवू नगा." आमच्यात विधवेचा पाट लागतो. जी विधवाच नाही तिचा कसा लागणार? त्या पोरीचं सगळं आयुष्य एका 'खात्री'वर येऊन ठेपलं होतं.

आणि माझ्या डोक्यात भलतंच. ते कार्ड. समुद्रापलीकडे कुठल्यातरी ढिगाऱ्यात पडलेलं, हळूहळू वर सरकणारं. रविवारी रेडिओ लागला की मी भिंतीशी सरकून बसे. प्रत्येक नावाला वाटे, आता. हे थांबवायला कुणाला सांगायचं? आपला रेडिओ असता तर यांना पुण्याला पाठवलं असतं, हातापाया पडून कार्ड काढून घ्यायला लावलं असतं. पण ती परकी माणसं. त्यांचं दार कुठे, ठोठावायचं कसं, काहीच ठाऊक नाही.

श्रावणात एके दिवशी मी ट्रंकेतून दुसरं कार्ड काढलं. दोघांची नावं लिहिली आणि घाईत पुढे मराठीतच लिहिलं, 'यांचे कार्ड आपणांकडे आले आहे त्याविषयी.' इथे हात अडला. घरानं ज्याला अजून मेलेला म्हटलं नव्हतं त्याला मी एकटीनं कार्डावर मारायचं? लिहिलं आणि खरोखर जिवंत असले तर? तो शब्द लिहायला हात धजेना. मग मी आपल्याकडे करतात तेच केलं. वर 'श्री' घातलं नाही आणि कार्डाचा कोपरा फाडला. आपल्याकडे असं कार्ड हातात पडलं की न वाचता कळतं, कुणीतरी गेलं. माणूस उभ्याउभ्या वाचतो आणि फाडून टाकतो, घरात ठेवत नाही. अशा कार्डावर घराचं गाव असावं म्हणून खाली निघोजे घातलं. टपालवाल्याच्या हातात दिलं आणि एकदम हलकं वाटलं. फायनल पास बाईची अक्कल! लंकेतल्या माणसाला फाटक्या कोपऱ्याचं काय कळणार, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मृत्यूची ही रीत साऱ्या जगात असेल असंच मी धरून चालले होते.

गणपती झाले. मामंजींनी शेवटी मन घट्ट करून पुतळ्याचा दिवस धरला. त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघी परड्यात शेंगा निवडत होतो. पलीकडे नावं चालली होती. "पिंपरी से," असं तो लंकेचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, आणि मग भावजींचं नाव घेतलं, आडनावासकट. त्याला लागून, श्वासही न घेता, जावेचं.

गाणं सुरू झालं. जावेच्या हातातली शेंग खाली पडली. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, "हाय! माझा ल्योक हाय! पिंपरीत हाय!" ओट्यावरची माणसं आमच्या दारात आली. सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, "रेडिओचं सगळं तवाच्या तवा आसतं. आजचा बाजारभाव काय उद्या सांगत्यात व्हय?" त्यांना रेडिओतलं सगळं कळतं यावर गावाचा विश्वास होता. पुतळ्याचं लांबणीवर पडलं.

जाऊ खाली बसून होती. तिचं तोंड बघायचं होतं ना भावजींना? मी बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज आली. कानशिलं लाल झाली, पदर ओढला तिनं. चारचौघांत नवऱ्यानं नाव घेतल्यावर येते ती लाज. भीती, आनंद, जे काही यायचं ते सगळं नंतर आलं.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आत्याबाई नाचत होत्या आणि मी सांडलेल्या शेंगा वेचत राहिले. चार दिवस गेले.

मामंजी आणि हे पिंपरीला गेले. शेडमधल्या प्रत्येकाला विचारलं. मुकादमाला विचारलं. एका चहावाल्यानं सांगितलं, तशा तोंडावळ्याचा माणूस यायचा खरा, पण कधी ते आठवत नाही. तेवढ्यावर दोघं दोन दिवस त्याच्या टपरीसमोर बसून राहिले. तिथे फाळणीत आलेल्या निर्वासितांची वस्ती होती. एका म्हाताऱ्या सिंध्यानं मामंजींना घरात नेऊन पाणी दिलं. त्याच्याकडेही रेडिओ होता. त्याचं स्वतःचं शहर आता दुसऱ्या देशात गेलं होतं, तिथलं स्टेशनही परक्यांचं झालं होतं, पण तो रोज तेच लावून बसे. मागे राहिलेल्या भावाबद्दल कुणी काही बोलेल म्हणून. किती वर्षं बसलाय, असं मामंजींनी विचारलं तर म्हातारा नुसता हसला. घरी आल्यावर मामंजींनी आम्हाला बाकी काही सांगितलं नाही, फक्त त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. आणि म्हणाले, "माझी सून आशी बसायला नगं."

मग मी बोलले. सगळ्यांसमोर, उंबऱ्यात उभी राहून. भावजींनी वैशाखात माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं, शपथ घातली, ते आता वाचलं गेलं. आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आन्‌ तू चार दिस माझी मज्जा बघितलीस?" एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. जावेनं मात्र एकच विचारलं, "आक्का, कार्ड एकच हुतं न्हवं?"

"एकच," मी म्हणाले.

का म्हणाले? कारण दुसऱ्या कार्डाचा कोपरा मी फाडला होता. घरानं ठरवायच्या आधी मी त्यांना मेलेल्यांत घातलं होतं, आणि हे त्या आईसमोर सांगायची माझी छाती नव्हती.

माझ्या त्या 'एकच' वर पुतळा झाला. तीनशे साठ पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. नदीच्या काठावर ते पेटवलं तेव्हा धूर पाण्यावरून पलीकडे बाभळीकडे जात होता. आम्ही बायका वरच्या अंगाला बसलो होतो. दोन म्हाताऱ्या विधवांनी जावेच्या बांगड्या दगडावर फोडल्या. तिनं हात स्वतःच पुढे केले. एक काच मनगटात घुसली तर तिनंच उपटून काढली. दिवाळी झाल्यावर तिचे वडील तिला न्यायला येणार होते.

दिवाळी आम्ही केली नाही. त्यानंतरच्या रविवारी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. रेडिओ लागला होता, पण आमच्या घरात आता कुणी कान देत नव्हतं. तेवढ्यात ओट्यावर पोरांचा एकच गलका झाला. रेडिओनं आमच्या गावाचं नाव घेतलं होतं. निघोजे से! गावच्या जन्मात असं कधी घडलं नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती. मग पुढची नावं आली आणि गलका बंद पडला. तेच नाव. त्याला लागून तिचं. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं रेडिओ बंद केला. गाणं कुणाच्या कानावर आलंच नाही.

भाकरी तव्यावर जळली. मला कळलं होतं. ते माझंच कार्ड होतं. दोन नावं आणि एक गाव, एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी कुठलंतरी गाणं लावून दिलं असणार.

पण गावाला काय कळलं? आधी पिंपरीत होता, आता निघोज्यात आलाय. अग्नी दिल्यावर आलाय. दिवेलागणीनंतर नदीकडे कुणी जाईना. नावाडी एकट्या माणसाला नावेत घेईना. सुभेदारांच्या ओट्यावर रविवारी चिटपाखरू दिसेना. आत्याबाईंनी दाराला कडी घालणं सोडलं आणि जेवताना एक ताट जास्त मांडायला लागल्या. त्या ताटाशेजारी बसून आम्ही जेवत होतो. खोटं कशाला सांगू, मीही त्या ताटापासून हातभर लांब सरकून बसायची. ते कार्ड मीच लिहिलेलं आहे हे ठाऊक असूनही परड्यात पाऊल वाजलं की मी मागे वळून बघायची. आपणच टाकलेल्या कार्डातून माणूस घरी आला की काय, असं वाटायचं.

जावेचे वडील आले आणि ओसरीवरूनच परत निघाले. "नवरा घरात हाय म्हनतंय गाव," ते म्हणाले. "त्याची बायकू मी कशी न्हेऊ? कोन करील तिला?" ती दाराआडून ऐकत होती. पांढरं कपाळ, मोकळे हात. आता ती ना सवाष्ण ना विधवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोठ्यात शेण भरत होती. मी जाऊन तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. दुसरं कार्ड, न घातलेला श्री, फाडलेला कोपरा, खाली घातलेलं निघोजे. मी रडत होते. ती रडली नाही. हात शेणात तसेच ठेवून ऐकत राहिली.

"कोपरा फाडला, तरी त्येनला कळलं न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही कळलं. परकी माणसं ती."

"म्हंजी त्येनला अजून ठाव न्हाई."

"नाही."

तिनं शेणाचा गोळा पाटीत टाकला. मग म्हणाली, "आक्का, मला कवाचंच कळलंय. सायकलीवर घडी घातलेला सदरा बघितला तवाच. म्या काय खुळी हाय? पर आता आमची नावं जोडीनं कोन घेनार? उखाना न्हाई, हळदीकुंकू न्हाई. हितं समद्यांस्नी ठाव हाय. त्या लंकेच्या मानसालाच तेवढं ठाव न्हाई." तिनं माझ्याकडे बघितलं. "त्येला सांगू नगा. अजून एक कार्ड लिव्हा. एकच. कोपरा न फाडता. कुठलंबी गाव घाला, पर आमची दोघांची नावं घाला. म्या कुठंबी आसले तरी ऐकंन."

मला राग आला. आज विचार केला तर कळतं, तो माझा स्वतःवरचा राग होता, पण तेव्हा तो तिच्यावर निघाला. "वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "दोन कार्डांनी एवढं झालं. आता तिसरं? उद्या दुसऱ्याच्या घरी नांदायला जाशील आणि तिथे हे नाव येईल. विसर आता. सुटलीस त्यातून असं समज." तिनं मान खाली घातली आणि शेणाची पाटी उचलून गेली. मी त्याच संध्याकाळी मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या वडिलांना निरोप धाडला, आणि चार दिवसांनी ती गेली. आत्याबाईंनी ताट मांडणं काही सोडलं नाही. "कार्ड कुनीबी लिव्हू दे," त्या म्हणत, "नाव त्येचंच आलं न्हवं?"

तिचा पाट माण गावात लागला, एका बिजवराशी. माणूस चांगला निघाला असं ऐकलं. पुढे दोन-अडीच वर्षांनी चिंचवडला माझ्या माहेरच्या एका लग्नात ती भेटली. कडेवर मुलगी होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मला बघून खरंच आनंदली. मुलीला माझ्या मांडीवर दिलं, भाजीभाकरीचं बोलली, नव्या सासूचं बोलली. तोवर आपल्या सरकारी रेडिओनंही गाणी सुरू केली होती आणि लंकेचं वेड ओसरत चाललं होतं. बोलता बोलता तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आक्का, एक विचारू? त्ये कार्ड."

"कुठलं?"

"तिसरं. तुमी रागानं न्हाई म्हनलात, पर म्या निघून आल्यावर लिव्हलं आसंल, मला म्हाईत हाय. आमच्या शेजारी रेडू हाय. दर आयतवारी म्या ऐकत हुते. ही पोटात हुती तवाबी ऐकत हुते. न्हाई आलं. तुमी कंदी धाडलं हुतं?"

माझ्या मांडीवर तिची मुलगी माझ्या बांगड्या ओढत होती. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ही बाई दर रविवारी परक्या घराच्या भिंतीला कान लावून बसली होती, आणि मी एक कार्ड लिहिलं नव्हतं. इतकं साधं काम. मला येत होतं, जमण्यासारखं होतं, कुणाला कळलंही नसतं.

"तू गेलीस त्याच आठवड्यात," मी म्हणाले. "चांगलं ठसठशीत लिहिलं होतं. त्यांनीच वाचलं नाही बघ."

तिनं मान हलवली. चेहरा पडला, पण माझ्यावरचा विश्वास तसाच होता. "त्येनला काय पडलीया," ती म्हणाली. "परकीच मानसं ती."

मी हो म्हणाले. त्या परक्या माणसांनी माझी दोन्ही कार्डं वाचली होती, आणि दोन्ही वेळा त्या दोघांची नावं जोडीनं, जशीच्या तशी घेतली होती. मी त्यांच्यावर ढकललं आणि मुलगी तिच्या कडेवर दिली. पंगत बसली होती, आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो.